आप्पांच्या गाडीचा भोंगा

माझे वडील रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली आणि तिच्यात जे बसले, ते उतरायलाच तयार होईनात. घरी असताना तसं काही नव्हतं, गाडी अंगणात, खिडकीसमोर उभी असायची. पण दौंडच्या बाहेर पाऊल टाकलं की झालं. यवतच्या बाजारात आई भाजी घ्यायची, आप्पा गाडीत. मावशीकडे बारशाला गेलो, तर आप्पांचं ताट गाडीत. लोक आईला विचारायचे, "पाव्हणं रुसलंय का काय?"

"रुसलं न्हाई," आई म्हणायची, "राखण करतंय."

"आवं, कोण नेतंय ती?" असं कुणी त्यांना समजावलं, तर आप्पांचं उत्तर ठरलेलं. "इंजिन सोडून ड्रायव्हर कवा जातो का?"

त्या उन्हाळ्यात इनामगावला चुलतभावाचं लग्न निघालं आणि आईनं जाहीर केलं, "ह्या वक्ताला पंगतीचं ताट गाडीत गेलं, तर मी यष्टीनं माहेरी जाईन." आप्पांची पंचाईत झाली. नाही म्हणवेना आणि व्हय म्हणायची हिंमत नाही.

तोडगा काढला वहिनीनं. ती शिरूरची. लग्नाआधी तिकडच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर होती आणि आमच्या घरातली इस्त्री, रेडिओ, मिक्सर असं एकही यंत्र तिनं उघडून बघायचं ठेवलं नव्हतं. मी तेव्हा कुरकुंभला एका कारखान्याच्या ऑफिसात होते, आणि दादा दुसऱ्या कारखान्यात शिफ्टला. वहिनी मला म्हणाली, "ताई, गाडीला अलार्म बसवू. कुणी हात लावला की बोंबलंल. मग आप्पांना बसायचं कारणच न्हाई."

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी पुण्याला गेलो आणि अलार्मचा सेट घेतला. खोक्यात एक काळा डबा, कर्ण्यासारखा छोटा भोंगा, वायरींचा गुंता, दोन रिमोट आणि एक माहितीचा कागद.

"फिटिंगला गाडी कधी आणता?" दुकानदारानं विचारलं.

"फिटिंग आम्हीच करणार," वहिनी म्हणाली.

त्यानं आमच्याकडं बघितलं, मग खोक्याकडं बघितलं, आणि "शुभेच्छा" म्हणाला. परतीच्या गाडीत आम्ही त्या शुभेच्छांवर यवत येईपर्यंत हसत होतो.

दुसऱ्या सुट्टीला सकाळीच अंगणात चटई टाकली. वहिनीनं पदर खोचला, बॉनेट उघडलं आणि आधी बॅटरीची वायर काढली. आप्पा खुर्ची घेऊन शेजारी. कागदातलं इंग्रजी मी वाचायचं, असं ठरलं होतं; पण ते इंग्रजी लिहिणाऱ्यालाही नीट येत नसावं. "पिवळी वायर आनंदाने दिव्याला द्या," अशा अर्थाचं एक वाक्य होतं. मी ते मोठ्यानं वाचलं आणि वहिनी डॅशबोर्डखालून ओरडली, "पिवळी खूश हाय का विचारा आधी!" ती तिथं उताणी पडलेली, पाय दाराबाहेर, तोंडात टेप. हसायला लागली की तिचे पाय हलायचे, आणि ते पाय बघून मला आणखी हसू यायचं.

डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा बसवायला भोक पाडायचं होतं. दादाचं ड्रिल मशिन सुरू झालं तसे आप्पा खुर्चीतून उठले.

"भोक? माझ्या गाडीला?"

"एवढंसं हाय, आप्पा. तुम्ही डोळे मिटा."

आप्पांनी खरंच डोळे मिटले. आईनं त्यांचा हात धरला. इंजेक्शन देताना पोरांचा धरतात तसा. ड्रिल थांबलं तरी ते डोळे उघडेनात. शेवटी आई म्हणाली, "उघडा आता, जिवंत हाय ती."

दुपारपर्यंत काळा डबा डॅशबोर्डखाली, भोंगा बॉनेटखाली आणि वायरी टेपात गुंडाळून जागच्या जागी गेल्या. वहिनीनं बॅटरी जोडली. मी रिमोट दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. दिवे एकदा लुकलुकले आणि भोंगा नुसता "कुँय" म्हणाला, शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा. आप्पांनी चावी लावली, इंजिन व्यवस्थित सुरू झालं. मग सवयीनं त्यांनी डावीकडचं इंडिकेटर दिलं, आणि दिवा जसा उघडझाप करायला लागला तसा भोंगा तालावर ओरडायला लागला. कुँय. कुँय. कुँय.

"हे काय?" आप्पा म्हणाले. उजवं इंडिकेटर दिलं, सगळं शांत. डावं दिलं, कुँय कुँय.

वहिनी चटईवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. "ताई, भोंग्याची वायर इंडिकेटरच्या जोडात गेलीय!" मी तिच्याशेजारी कोसळले. आप्पा गंभीर चेहऱ्यानं पुन्हा पुन्हा डावं इंडिकेटर देत होते, जणू गाडी आपणहून सुधारेल. कुंपणावर शेजारणी जमल्या. एकीनं विचारलं, "आजारी हाय का काय गाडी?" आई म्हणाली, "दात येत्यात तिला." मग आप्पाही हसायला लागले, आणि त्यांचा हात तसाच राहिल्यामुळं कुँय कुँय चालूच राहिलं.

तो जोड सोडवून नीट करायला फार वेळ लागला नाही. या खेपेला रिमोट दाबल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि वहिनीनं टायरला हलकी लाथ मारताच भोंगा असा काही गर्जला की कुंपणावरच्या बायका पांगल्या. आप्पांचा चेहरा उजळला. "ह्याला म्हणत्यात शिट्टी!" ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः लाथ मारली. मग आईला मारायला लावली.

लग्नाच्या दिवशी आप्पांनी गाडी इनामगावात मांडवापासून जरा लांब, बाभळीच्या सावलीला लावली. रिमोट दाबला, चार पावलं गेले, मागं वळून पुन्हा दाबला. पण आले. त्रिशरण, पंचशील, मंगल गाथा, सगळं होईपर्यंत ते पुढच्या ओळीत बसून होते. नातेवाईक "जयभीम" करायला यायचे आणि आश्चर्यानं विचारायचे, "गाडी इकली का काय?"

पंगत बसली. आप्पांनी पहिला घास घेतला आणि भोंगा सुटला.

हातातली बुंदी तशीच घेऊन आप्पा उठले आणि अनवाणी पळत सुटले. त्यांच्यामागं आम्ही, आमच्यामागं अर्धी पंगत, कुणाच्या हातात पाण्याचा जग, कुणाच्या हातात वाढायचा झारा. बाभळीखाली पोचलो तर बॉनेटवर एक शेळी उभी. पुढचे पाय काचेवर टेकवून, मान ताणून ती आरामात बाभळीच्या शेंगा खात होती. भोंगा कानठळ्या बसवत होता आणि तिला त्याचं काही नव्हतं.

आप्पांनी "हाड्!" म्हणून हात उगारला, तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडत आली. "हाकलू नगा! पोटात दोन हायेत तिच्या! उडी मारली तर गाभ पडंल!"

आप्पांचा उगारलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी उष्ट्या हातानंच रिमोट दाबून भोंगा बंद केला, बॉनेटजवळ गेले आणि हळू आवाजात शेळीशी बोलायला लागले. "ये बाय, ये. सावकाश. घाई न्हाई." मुठीतली बुंदी तिच्यापुढं धरली. शेळीनं वास घेतला, खाल्ली. मग आप्पांनी एका बाजूनं आणि वहिनीनं दुसऱ्या बाजूनं तिच्या पोटाखाली हात घातले आणि तिला उचलून अलगद जमिनीवर ठेवलं. सगळ्या पंगतीनं टाळ्या वाजवल्या.

बॉनेटवर खुरांचे ओरखडे उठले होते. आम्ही आप्पांकडं बघत राहिलो. त्यांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि ते खो खो हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बोलली की गं गाडी!" ते वहिनीला म्हणाले. "शेळी आली तरी सांगितलं तिनं! आता मी कशाला बसू उन्हातान्हाचा?"

ते परत पंगतीला बसले ते सगळ्यांत शेवटी उठले. वाढप्यांना हाका मारून मारून बुंदी मागवली. आई पलीकडून बघत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती.

निघताना आप्पा गाडीपाशी आले, पोटावरून हात फिरवला आणि चावी माझ्या हातात ठेवली. मी नुकतंच लायसन काढलं होतं.

"मला झोप आलीया," ते म्हणाले. "तू चालव. मी तुझ्या आईजवळ मागं बसतो."

वहिनी माझ्या शेजारी बसली. गावाबाहेर पडेपर्यंत मागून आप्पांच्या घोरण्याचा आवाज यायला लागला. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना ऊस, खिडक्या उघड्या. वहिनी म्हणाली, "ताई, जरा रेस दाबा की," आणि मी दाबली.