कॅरेज ढकलण्यापुरती जागा

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. पल्लवी म्हणजे माझ्या भाच्याची, मंदारची, हिंजवडीच्या ऑफिसातली सहकारी. "मावशी, मंदारला हॉस्पिटलमध्ये आणलंय, तुम्ही लगेच या," एवढंच ती म्हणाली. पण तिच्या आवाजावरून मी काय ते समजले. मंदार आपल्या जागेवर हेडफोन लावून, डोळे मिटून बसला होता. तो रोजच तसा बसायचा. नवं गाणं ऐकतोय असं समजून कुणी त्याला हाक मारली नाही... हृदय कधी थांबलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. या गोष्टीला आता दीडेक महिना होईल. त्या हाक न मारणाऱ्यांवर रागवावं, की तो गाणं ऐकता ऐकताच गेला यात समाधान मानावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंदार व्हिडिओ गेमसाठी संगीत करायचा, तेही तालाच्या खेळांसाठी. गाणं सुरू होतं, पडद्यावर वरून रंगीत ठिपके घसरत येतात, आणि ठिपका खालच्या रेषेला टेकला की नेमक्या ठोक्याला बोट टेकवायचं. चुकलं की लाल फुली. आमच्या धायरीच्या सोसायटीत कुणी विचारलं तर मी "संगीतकार आहे" असं सांगायचे. त्यावर "अरे वा, कुठला सिनेमा?" हे ठरलेलं. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकांना म्हटलं, "सिनेमा नाही, मोबाइलवरचे खेळ." काका म्हणाले, "अस्सं. म्हणजे अजून नोकरी नाही." ब्राझीलपासून कोरियापर्यंतची पोरं याच्या गाण्यांवर बोटं झिजवताहेत, हे काकांना सांगून काय उपयोग होता!

नारायण पेठेत माझा टायपिंगचा क्लास होता. मंदारची आई, म्हणजे माझी ताई, नोकरी करायची. त्यामुळे शाळा सुटली की तो क्लासच्या कोपऱ्यात स्टुलावर येऊन बसायचा. मी टेबलावर फूटपट्टी आपटून ठेका द्यायचे आणि सगळी यंत्रं एका लयीत चालायची. "वेग आपोआप येईल, आधी ठेका सांभाळा," हे माझं पालुपद. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डावे हात वर जायचे, यंत्रावरची कागद धरणारी कॅरेज नव्या ओळीसाठी उजवीकडे ढकलली जायची आणि पुन्हा सगळ्यांचा मिळून पहिला ठोका. हा आपला डोळे मिटून बसलेला. मला वाटायचं, डुलक्या काढतोय. पुढे कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, ताई गेली आणि मंदार माझ्याकडे राहायला आला. इंजिनिअरिंग कसंबसं उरकून तो कॉम्प्युटरवर गाणी बनवायला लागला, तेव्हा मी विचारलं होतं, "गणपतीत स्पीकरच्या भिंती लावतात, तसलं का रे?" "तसलंच. पण शेजाऱ्यांना झोप लागेल असं," तो म्हणाला.

त्याच्या कामाची एक रीत होती. कुठल्याही गाण्याची सोपी पातळी आधी मी खेळून बघायची. माझी बोटं प्रामाणिक आहेत, असं त्याचं म्हणणं. पहिल्यांदा खेळले तेव्हा मात्र दर ओळीनंतर लाल फुली! "मावशी, अगं डावा हात कुठे चाललाय तुझा?" मी पाहिलं, तर हात आपला वर जाऊन, नसलेली कॅरेज ढकलून परत येत होता. जन्माची सवय ती! मंदार पोट धरधरून हसला. मग एकदम उठला आणि लॅपटॉप घेऊन खोलीत गेला. मला सुधारायच्या ऐवजी त्यानं गाणंच बदललं. प्रत्येक ओळीनंतर हात जाऊन येण्यापुरती जागा मोकळी ठेवली. पुढे सगळ्याच गाण्यांत ठेवली. गेम अडकल्यासारखा वाटतो, म्हणून ऑफिसात कुरकुर झाली. पण हा हटवादी, ऐकतोय कशाला. नंतर नंतर तर त्या जागेवरूनच लोक त्याचं गाणं ओळखायला लागले.

गेल्या रविवारी पल्लवी लॅपटॉप घेऊन घरी आली. मंदारचं शेवटचं गाणं तिनं सोबत आणलं होतं. "मावशी, नवे सर म्हणतात, या रिकाम्या जागा भरून टाकू. मंदारनं मुद्दाम ठेवल्यात की काम राहून गेलंय, मला छातीठोक सांगता येईना. म्हणून तुम्हाला विचारायला आले."

"लाव," मी म्हटलं.

ठिपके यायला लागले. ओळ संपली, डावा हात वर गेला, परत आला आणि बरोबर बोटाखाली पुढचा ठिपका. पुढच्या ओळीलाही तेच. एकही फुली नाही. मी खेळत होते आणि मंदार शेजारी बसून माझ्या हाताकडे बघतोय असं वाटत होतं... मग आणखी एक ओळ संपली. हात वर गेला, परत आला. बोटाखाली ठिपका नव्हता. मी तशीच थांबले.

"इथपर्यंतच झालंय, मावशी," पल्लवी हळूच म्हणाली.

तो गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी पल्लवीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. शेवट दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का, असं तिनं निघताना विचारलं. मी म्हटलं, "घ्या करून, गाणं पुरं व्हायला हवं. पण त्याच्या जागा भरू नका. आणि तो थांबलाय तिथलीही जागा मोकळी सोडा, मगच पुढचं सुरू करा."

क्लासमधला एकच टाइपरायटर मी ठेवला होता, तो मंदारच्या खोलीत दाराजवळ असतो. बोटं आखडू नयेत म्हणून संध्याकाळी मी त्यावर एखादी ओळ टाइप करायचे, आणि सकाळी कंपनीची बस गाठायला निघताना तो जाता जाता कॅरेज ढकलून जायचा. तो गेला त्या सकाळीही ढकलली होती. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकला होता. कॅरेज अजून तिथेच आहे, नव्या ओळीच्या सुरुवातीला. मी रोज यंत्रावरची धूळ पुसते, पण ओळ टाइप करत नाही. केली, तर ती कॅरेज मलाच ढकलावी लागेल.