डोंगेवाल्या आजाचा सलाम

आमचा डोंगेवाला आजा ज्याला कमरेत वाकून सलाम करी, तो माणूस त्याच्या मनातून साफ उतरलेला असे. ज्याच्याविषयी त्याला काही वाटे, त्याच्याशी तो अरे-तुरेत बोले, त्याचे कपडे आणि अक्कल दोन्ही काढी. सलाम राखून ठेवलेला होता तो नालायकांसाठी. नालायकांना हे कधीच कळले नाही. ते खूश होत आणि 'बुड्ढा बडा तमीजवाला है' असे एकमेकांना सांगत नागपूरला परत जात.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती. मी आमगावच्या शाळेत शिकून पुढे बी.ए. झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अंगठ्याच्या पुढे गेले नव्हते. माझ्या कॉलेजची फी आमच्या मास्तरांनी आपल्या पगारातून भरली, हे मी अजून विसरलेलो नाही. म्हणून नवेगाव बांधच्या तलावाकाठच्या डाकबंगल्यावर कारकुनाची हंगामी नोकरी लागली, तेव्हा मला आकाश ठेंगणे झाले. सहा-सहा महिन्यांनी मुदत वाढायची, आणि ती वाढवणे साहेबांच्या हाती होते. साहेब मासे धरायला येत. त्यांची खोली, कंदील, कोंबडी आणि आजाचा डोंगा तयार ठेवणे हे माझे काम.

आजा माझ्या नात्यातला नव्हे; जातीचा ढिवर, पिढीजात मासेमार, आणि सगळेच त्याला आजा म्हणत. तलावात कुठे कतला फिरतो, मरळ कोणत्या कमळाखाली दडते, हे तो हवेवरून सांगे. साहेब महागडे गळ घेऊन येत, विलायती टोप्या घालत आणि डोंग्यात इतके बोलत की मासे पार दुसऱ्या काठाला जात. आजा गळाला आमिष लावून द्यायचा, डोंगा नेमक्या जागी न्यायचा, दोरी केव्हा ओढायची ते सांगायचा. मासा लागला की साहेब म्हणायचे, 'मी पकडला.'

"पकडला म्हणते!" आजा काठावर आल्यावर मला म्हणे. "अरे, मासोळीले दया आली असंल त्याची. घरी जाऊन बायकोले हा तोंड कसं दाखवीन, असा इचार करून लटकली ते गळाले."

पहिल्या दिवशीच त्याने मला विचारले होते, "काऊन बे बाबू, एवढा शिकला आन् साहेबाचे जोडे उचलून राहिला? घरचे जोडे कमी पडले का?" मी रागावलो. बंगल्याचा खानसामा हसला आणि म्हणाला, "नशीबवान हो तुम्ही." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

मला खरा त्रास होई तो बक्षिसाच्या वेळी. डोंगा काठाला लागला की साहेब मला बाजूला घेऊन कुजबुजत, "इसको कितना देना चाहिए?" तीनशे रुपयांचा गळ विकत घेताना ज्यांनी कोणाला विचारले नसेल, त्यांना चार आणे की सहा आणे हा प्रश्न घाम फोडायचा. एकाने दोन आणे दिले आणि वर मेहनतीवर भाषण दिले. एकाने अर्धे सिगारेटचे पाकीट दिले, त्यातल्या दोन काढून घेऊन. एकाने जुना गळपट्टा दिला. आजाने तो डोंग्याच्या खुंटाला बांधला आणि पुढे वर्षभर त्याने डोंग्यातला चिखल पुसला. प्रत्येकाला तो कमरेत वाकून सलाम करी. मला वाटे, किती हा लाचार झाला बिचारा!

मी शिकलेला होतो. अन्याय दिसला की काहीतरी लिहावे, असे मला वाटायचे. गोंदियाहून पत्रा आणला, पांढरा रंग दिला, आणि वर मराठीत आणि हिंदीत सुंदर अक्षरात लिहिले : 'डोंगेवाल्यास बक्षीस : एक रुपया.' बंगल्याच्या ओसरीत तो पत्रा ठोकला. आजाला विचारायचे माझ्या मनातही आले नाही. बापाला मात्र पत्र लिहून कळवले, की तुमच्या मुलाने एका गरिबाचे भले केले.

पुढच्या रविवारी दोन साहेब आले. त्यांनी पत्रा वाचला, संध्याकाळी डोंग्यात एक रुपया टाकला आणि सगळे मासे जीपमध्ये भरले. आजा सावकाश माझ्यासमोर आला, कमरेत वाकला आणि त्याने मला सलाम केला.

मी गहिवरलो. "असू द्या, आजा, असू द्या," असे मी म्हणालोसुद्धा.

तीन आठवडे तो मला रोज सलाम करत होता. जोड्यांवरून बोलणे बंद, अक्कल काढणे बंद. 'जी बाबूसाहेब' आणि 'नाही बाबूसाहेब'. शेवटी खानसाम्याला माझी कीव आली. ओसरीत भाजी निवडता निवडता तो म्हणाला, "बाबू, तुम्ही ढिवरटोली उपाशी पाडली, ठाऊक हाये का?"

मग त्याने मला जे सांगितले, ते मी कॉलेजात शिकलो नव्हतो. साहेब गळ टाकणार असले की त्या दिवशी तलावाच्या त्या भागात टोलीची, म्हणजे ढिवरांच्या वस्तीची, जाळी बंद. हा साहेबांचाच हुकूम. म्हणून जुन्या काळापासून रीत होती की गळाला लागलेली पहिली मासोळी डोंग्याची. लहान असो की मणभर असो, ती आजाच्या टोपलीत जायची आणि तिथून पाळीपाळीने टोलीतल्या बारा घरांपैकी एकेका घरी. आणे, सिगारेट, गळपट्टा हा साहेबांचा पोरखेळ; आजा तो खेळू देई, कारण मासोळी टोपलीत पडलेली असे. आता भिंतीवरच रुपया लिहिल्यावर साहेब म्हणू लागले, रुपया दिला, मग मासा कसला? बारा घरांचा हक्क मी एका माणसाची भीक करून टाकली होती, तीही सुंदर अक्षरात.

मी त्याच दुपारी पत्रा काढला. आजा डोंग्यातले पाणी उपसत होता. मी म्हणालो, "आजा, चुकलो. पत्रा काढला." त्याने हातातले टमरेल खाली ठेवले, उभा राहिला आणि सलाम केला.

पत्रा निघाला, पण रुपया निघाला नाही. साहेब लोक चांगली गोष्ट एकमेकांना सांगत नाहीत. स्वस्त गोष्ट मात्र अशी सांगतात की गावोगाव पोचते. 'नवेगावला एक रुपया फेका, काम झाले.' येणारा प्रत्येक जण नागपूरहूनच हे पाठ करून येई.

थंडीत मोठे साहेब आले. माझी मुदत त्या महिन्यात संपत होती आणि वाढीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. त्यांनी मला हौसेने डोंग्यात घेतले, आमिषाचा डबा धरायला. पहिलाच मासा लागला तो हाताएवढा लांब रोहू. साहेब लहान मुलासारखे ओरडले. मासा डोंग्यात आपटत होता आणि आजा त्याच्याकडे न पाहता काठाकडे पाहत होता.

मी म्हणालो, "साहेब, पहिली मासोळी डोंग्याची असते."

"क्या?"

"इथली रीत आहे. तुमच्यासाठी टोलीची जाळी आज बंद आहेत. ही मासोळी त्यांची."

"अरे, एक रुपया है ना इसका?"

"तो मी लिहिला होता. ते चूक होते."

साहेब हसले. त्यांनी मासा डब्यावर ठेवायला सांगितला, माझ्याच मांडीवर, आणि उतरताना रुपयाऐवजी दोन रुपये डोंग्यात टाकले. एवढे उदार होते ते. आजाने त्यांना असा सलाम केला की त्याचे डोके गुडघ्याला लागले. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

माझी मुदत वाढली नाही. कागदावर कारण होते, 'कारकून अनावश्यक'.

निघायच्या सकाळी मी ट्रंक घेऊन सडकेवर मोटारीची वाट पाहत उभा होतो. बी.ए. होऊन घरी रिकाम्या हाताने जायचे, मास्तरांना काय सांगायचे, ह्याच विचारात होतो. तेवढ्यात आजा आला. पळसाच्या पानांत गुंडाळलेले काहीतरी त्याने माझ्या ट्रंकेवर आपटले.

"काऊन बे, मयतीले जाऊन राहिला का? असं तोंड कायले केलं?"

कित्येक दिवसांनी तो मला 'बे' म्हणाला होता. पाने उघडून पाहिली तर आत ताजी मरळ.

"ही कुठली, आजा? आज तर कोणी साहेब नाही."

"मीच झालो साहेब! बसलो डोंग्यात, टाकला गळ, फुकट बडबड केली. पहिली लागली ते डोंग्याची. आन् आज पाळी तुह्या घरची हाये."

"माझे घर टोलीत कुठे आहे?"

"ते मी ठरवीन का तू? आला मोठा पत्रा लिवणारा!"

मोटार आली. मी ट्रंक चढवली, मरळ काखेत घेतली, आणि काय झाले कोणास ठाऊक, इतके दिवस साहेबांमध्ये वावरल्याचा परिणाम असेल, माझा उजवा हात आपोआप खिशात गेला.

आजाने ते पाहिले. तो हसला नाही. त्याने आपला हात हळूच कपाळाकडे नेला आणि कंबर थोडीशी वाकवून विचारले,

"करू का?"

मी हात रिकामाच बाहेर काढला.