परतीची दशमी

दोंडाईच्याहून जळगावला जाताना पॅसेंजरमध्ये एक म्हातारे शेतकरी मला नेहमी भेटत. प्रवासात माझं पोट हमखास बिघडे, त्यामुळे त्यांच्या खाण्यावर माझं बारीक लक्ष असे. अमळनेर आलं की ते जुन्या धोतराच्या फडक्यातून दुधात पीठ मळून केलेली दशमी काढत, अर्धी सावकाश चावून खात आणि उरलेली पुन्हा गाठ मारून ठेवत. पाणीही घरचंच, तांब्यातलं. स्टेशनवरच्या भज्यांकडे ते बघतसुद्धा नसत.

“आबा, ही अर्धी कशाला ठेवता?” मी एकदा विचारलं.

“परतीनी शे, भाऊ.”

पटकीची साथ आली तेव्हा मीही दशम्या बांधून नेऊ लागलो. हा माणूस शंभरी गाठणार, असं घरी सगळ्यांना सांगत असे.

गेल्या खेपेला त्यांच्याजवळ नुसतं रिकामं फडकं होतं. मी माझी दशमी पुढे केली.

“नको. पोरना घर जेवसू. तिले पोऱ्या व्हयना.”

लेकीला मुलगा झाला, हे ऐकलं तेव्हा कुठे उलगडा झाला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. इतकी वर्षं ती दशमी त्यासाठी होती.

“मग आता लेकीच्या हातचं गरम गरम जेवा, आबा!” मी म्हणालो.

त्यांनी फडकं मांडीवर पसरलं, घडी घातली, पुन्हा पसरलं.

“पोर बाळंतपणमाच गयी, भाऊ. आते तठे जेवाले चालस, पन वाढनारी नही.”