टिप्याची शेजपाळी

निघायच्या दिवशी टिप्या माझ्याआधी गाडीत जाऊन बसला होता. ड्रायव्हर बॅगा चढवत होता आणि हे महाशय मागच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून, जणू तिकीट यांच्याच नावाचं. मी ओढलं, गोंजारलं, बिस्किट दाखवलं. ढिम्म हलेना. शेवटी तात्यांनी, माझ्या वडिलांनी, त्याला उचलून काखोटीला मारलं आणि मला म्हणाले, "जा तू. आमी हाय ना हितं." 'आम्ही' म्हणजे ते आणि कुत्रा. माझी आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

टिप्या खरं तर माझा. आई गेल्यावर तात्या तासन्‌तास कालव्याकडे बघत बसायचे, म्हणून मी राहुरीहून येताना हे पिल्लू ओढणीत गुंडाळून आणलं. "याची जबाबदारी माझी," असं ठणकावून सांगितलंही होतं. सहा महिन्यांत हॅम्बुर्गची नोकरी लागली. दोन वर्षांत परत येते म्हणाले, त्याला आता सहा वर्षं झाली. तुमच्यापैकी जे असेच निघालात, त्यांना ही दोन वर्षं कशी लांबतात हे सांगायला नको.

इथे सगळं बरं आहे. बस वेळेवर येते, घर गरम असतं. पण माझं बूड एका जागी टिकत नाही. चहा करते आणि तो तिथेच ठेवून दुसऱ्या खोलीत जाते. विमानाचं ॲप उघडते, तारीख टाकते, बंद करते. मन तिकडेच असतं म्हणावं, तर तेही खरं नाही. तात्यांकडे वस्तीवर गेले की चौथ्या दिवशी इथले मेल बघायला लागते. मागच्या खेपेला तात्या दिसत राहावेत म्हणून ओसरीत कॅमेरा बसवून आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्यावर टोपी टांगली. तेव्हापासून मोबाईलवर मला टोपीचं अस्तर दिसतं.

ऑफिसात पेट्रा नावाची माझी मैत्रीण तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याला रोज घेऊन येते. तिने लिहून ठेवलंय, की ती आजारी पडली किंवा मेली तर कुत्रा बहिणीकडे जाईल, बहिणीला जमलं नाही तर आणखी कोणाकडे, औषध कुठलं, डॉक्टर कोण. मला गंमत वाटली. फोनवर तात्यांना रंगवून सांगितलं, "इथं कुत्र्यासाठीसुद्धा मृत्युपत्र करतात बघा!" ते हसले नाहीत. "बाई शहानी हाय," एवढंच म्हणाले आणि पाऊसपाण्याचं बोलू लागले.

पंधरा दिवसांनी शेजारच्या वस्तीवरच्या सुमनकाकूंनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. फूटपट्टीने आखलेला कागद, तात्यांचं अक्षर, आणि वर लिहिलेलं: 'टिप्याची शेजपाळी'.

तात्या पाटकरी होते. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी कोणाच्या रानात कधी आणि किती तास जाणार, त्याची यादी म्हणजे शेजपाळी. ती त्यांनी जन्मभर सांभाळली. अर्ज आल्याशिवाय त्यात नाव चढायचं नाही, मग तो सख्खा मेहुणा का असेना. त्यापायी माझ्या मामांनी दोन वर्षं अबोला धरला होता. तेव्हा कुत्र्याचीही शेजपाळी बघून मी पोट धरून हसले. कॅन्टीनमध्ये होते, समोर पेट्रा होती. तिला मी एकेक ओळ वाचून, अर्थ सांगू लागले.

पहिल्या नंबरला सुमनकाकू. मग डेअरीवाला बबन, आणि पुलापलीकडची दोन घरं. एकाला जमले नाही तर पुढच्याने विचारत न बसता न्यावे. भाकरी दुधात कुस्करावी, दूध गरम नको. गोचीड काढताना तोंड धरावे. सकाळी कालव्याच्या पुलापर्यंत न्यावे व तिथे अर्धा तास बसू द्यावे, त्याला सवय आहे. सवय कोणाला आहे ते मला बरोबर कळलं.

आणि त्याखाली: 'टिप्या एकटाच आला आणि कपडा धरून ओढू लागला तर हाकलू नये. मागोमाग यावे. मी पडलेलो असेन. मागच्या दोन्ही वेळी असेच झाले.'

पेट्रा विचारत होती, पुढे काय? दोन्ही वेळी! त्या आठवड्यांत मी फोन केलाच असणार, आणि ते "लई झकास चाललंय" म्हणालेच असणार. राग आला. त्यांचा, काकूंचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मी ज्याची मालकीण म्हणवते, त्या मुक्या जिवाने माझं काम केलं होतं. चारही नावं मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात माझं नव्हतं.

जेवण तसंच टाकून जिन्यात गेले आणि फोन लावला.

"तात्या, तुम्ही पडलात आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय, इमानातून उडी मारनार हुतीस? सुमन आली, उठिवलं, च्या पाजला. दवाखान्यातबी गेल्तो. गोळी चालू हाय."

"आणि यादीत माझं नाव? टिप्या माझा आहे."

"तुजा अर्ज कुटं आलाय?"

आवाज अगदी कचेरीतला. मी हसायला गेले आणि रडू फुटलं. तिकडे त्यांच्याजवळ टिप्या पट्ट्याखाली खाजवत होता, ते ऐकू येत होतं.

"हा केला अर्ज," मी म्हटलं. "लिहा माझं नाव."

कागद उलगडल्याचा आवाज आला. मग ते अगदी हळू म्हणाले, "लिवतो की. कितव्या नंबरला लिवू, माय?"

पहिल्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण पहिल्या नंबरचं माणूस म्हणजे टिप्याने कपडा धरून ओढल्याबरोबर चालत येणारं माणूस. पाचव्या म्हणायची लाज वाटली. मी पायऱ्या चढत-उतरत राहिले. "सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याला आता तीन आठवडे झाले. ॲपमध्ये तारीख टाकलेली आहे, बटण दाबलेलं नाही. घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की पूर्वी मी राहुरीचं नाव सांगून मोकळी व्हायचे. आता मला तो कागद दिसतो. काकू सांगतात, चार नावांच्या खाली तात्यांनी माझं नाव लिहिलंय, पेन्सिलने, आणि नंबराची जागा मोकळी ठेवलीय.