रशीदचाचांनी शिकवलेलं थांबणं

शबानाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते. खुर्चीत बसलेल्या आजींच्या दाढेत सिमेंट भरत होते, हातात मोजे होते, म्हणून फोन वाजू दिला. तो पुन्हा वाजला. शबाना कधी लागोपाठ दोनदा फोन करत नाही... मी मोजे काढले. "अब्बा गेले," ती म्हणाली. "फजरची नमाज झाली, जरा पडतो म्हणाले, आणि..." मी पुन्हा मोजे चढवले. आजींची दाढ पूर्ण केली. काम अर्धवट टाकून आलेलं रशीदचाचांना चाललं नसतं. मग विजापूर रोडकडे निघाले. त्याला आता सहा आठवडे झाले.

रशीदचाचा ट्रकच्या ब्रेकचे मिस्त्री होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काहीच केलं नाही. इंजिनाला हात लावायचे नाहीत, गिअरबॉक्स घेऊन कुणी आलं तर शेजारच्या गॅरेजचा रस्ता दाखवायचे. आणि मी दातांची डॉक्टर, मूळची अकलूजची, उसाच्या शेतात वडिलांच्या जीपवर गाडी शिकलेली. आमची ओळख व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं. ती झाली माझ्या हट्टापायी. सहा वर्षांपूर्वी मी एक जुनी, दोन दारांची, लाल स्पोर्ट्स कार घेतली. आधीच्या मालकानं तिचं इंजिन ट्यून करून ताकद जवळजवळ दीडपट केली होती, पण ब्रेक कंपनीचेच ठेवले होते. गाडी पळायची कशी, हे मी सगळ्यांना सांगत सुटले. थांबते कशी, हे कुणी विचारलं नाही आणि मीही पाहिलं नाही.

एका दुपारी अकलूजहून परत येताना रस्ता मोकळा मिळाला आणि मी गाडी दामटली. वळणावर दाबून ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. वेळापूरच्या पुढं आडवाटेनं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला आणि पेडल चिखलात रुतावं तसं आत गेलं. दोनदा, तीनदा दाबल्यावर गाडी कशीबशी थांबली. ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाचे शेंडे बॉनेटला टेकले होते. ट्रॅक्टरवाल्यानं खाली उतरून पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. तो एक शब्दही रागानं बोलला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. चूक पूर्णपणे माझी होती.

सोलापुरात आल्यावर मी ठरवलं की सगळ्यात मोठे, सहा पिस्टनचे लालभडक कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क पकडून धरणारे ब्रेकचे पंजे, बसवायचे. चार दिवस फोनवर त्यांचेच फोटो बघितले आणि मागवूनही टाकले. कुणीतरी म्हणालं, बसवण्याआधी रशीदचाचांना दाखवा. मी खोका घेऊनच विजापूर रोडवरच्या त्यांच्या गॅरेजात गेले. साठी ओलांडलेला, सडसडीत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला माणूस. त्यांनी खोक्याकडे पाहिलंही नाही. "डॉक्टर, तुमाला थांबायचंय कुटं?" एवढंच विचारलं. मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावलं की शहरात थांबायचं, घाटात थांबायचं की शर्यतीच्या ट्रॅकवर, त्यावर सगळं ठरतं. मी म्हटलं, एकदा तरी ट्रॅकवर जायचंय. त्यांनी चाकं काढली. पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ब्रेक ऑइल त्यांनी एका बाटलीत काढून उजेडात धरलं, ते उकळलेल्या चहाच्या रंगाचं होतं. इतक्या वर्षांत त्यात पाणी मुरलं होतं. ऑइल तापलं, पाण्याची वाफ झाली, वाफ दबली आणि पेडल आत गेलं. "गाडी टायर थांबवतो," चाचा म्हणाले. "ब्रेकचं काम फक्त गरमी खायचं. तुमची गरमी जास्त झाली, पंजा लहान नव्हता." आधी टायर, ऑइल, पॅड आणि होजपाइप बदलू, मग गरज उरली तर मोठ्या वस्तूचं बघू, असं त्यांचं म्हणणं. तो सेट बसवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

मला राग आला. ट्रकवाल्या मिस्त्रीला स्पोर्ट्स कारमधलं काय कळतं, असं मनात आलं, हे आज लिहायला हवं. टायर तेवढे त्यांच्या सांगण्यावरून बदलले आणि गाडी परगावच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन तो लाल सेट बसवून घेतला. दिसायला राजेशाही. पण पेडल लांब जायचं, पुढची चाकं आधी अडायची आणि मागची नुसती ओढली जायची. पंधरा दिवसांत मला माझ्याच गाडीची भीती वाटू लागली. मान खाली घालून मी परत विजापूर रोडला गेले. चाचांनी चाकाच्या जाळीतून लाल रंग बघितला. एवढंच म्हणाले, "रविवारी सकाळी या. मोजून बघू."

शहराबाहेर नवा रस्ता झाल्यानं ओस पडलेल्या जुन्या रस्त्याचा एक तुकडा आहे. तिथं चाचा आले ते मुलीला, शबानाला, बरोबर घेऊन. तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, पण एका शोरूममध्ये कागदपत्रं लिहायच्या नोकरीवर होती, कारण गॅरेजमध्ये मुलगी नको, हा चाचांचा निश्चय होता. त्या दिवशी फक्त खडूनं खुणा करायला तिला आणलं होतं. मी ठरलेल्या वेगानं आले, खुणेपाशी ब्रेक दाबला, गाडी थांबली तिथं शबानानं रेघ मारली. असं पाच वेळा. मग चाचांनी तिथंच झाडाखाली सगळं उतरवून कंपनीचे कॅलिपर परत बसवले, नवे पॅड आणि नवं ऑइल घातलं. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून चाचा माझ्या शेजारी बसले आणि मला सांगत राहिले. दाब... सोड... पुरती थांबवू नको... आता हवा लागू दे. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. नंतर पुन्हा पाच वेळा तोच वेग, तेच टायर. रेघा जवळजवळ अर्धी गाडी अलीकडे आल्या होत्या.

मी बघतच राहिले. हे कसं, असं विचारलं, तर उत्तर शबानानं दिलं. ती खडूनं रस्त्यावरच गणित मांडायला लागली. पिस्टन केवढे, त्यांना ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर केवढा, पुढं जोर किती वाढला आणि मागं किती उरला. चाचा चष्मा लावून वाकले. बराच वेळ वाचत राहिले... चाळीस वर्षं पायाला जे कळत होतं, ते त्यांच्यासमोर डांबरावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"थोडं कॉलेजनं. बाकीचं तुमी. लहानपणी दुकानातच बसायची की मी."

चाचांनी चष्मा उतरवून गळ्यात सोडला. परतीच्या वाटेवर शबानाला त्यांनी माझ्या गाडीत पाठवलं नाही, स्वतःजवळ बसवलं. पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा गॅरेजमध्ये खुंटीवर एकाऐवजी दोन निळे कोट होते, चाचांचा आणि शबानाचा.

माझ्या गाडीचं पुढचं सगळं शबानानं ठरवलं. स्टीलच्या जाळीचे होजपाइप, किंचित मोठ्या डिस्क, त्यांना साजेसे पॅड आणि पुढच्या चाकांना हवा पोचवणारी नळी. चाचा बाजूला स्टुलावर बसून बघायचे, क्वचित एखादा शब्द. त्याच काळात कधीतरी त्यांनी सांगितलं, तरुणपणी ईदच्या घाईत त्यांनी एका ट्रकच्या ब्रेकला चिकटवलेले लायनर पुरते वाळू न देता बसवले होते. उतारावर लायनर सुटले. ड्रायव्हरनं ट्रक ज्वारीच्या रानात घातला म्हणून सगळे वाचले. कुणाला कारण कळलं नव्हतं. चाचा स्वतः त्याच्या घरी गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगून आले. मला ट्रॅक्टरवाल्याची बाटली आठवली. मी तो प्रसंग त्यांना पहिल्यांदाच पूर्ण सांगितला. ते म्हणाले, "चूक सांगितली की हात हलका होतो, बेटा. मग तो हात काम चांगलं करतो."

दोन वर्षांनी मी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर गेले. चाचांना हृदयाचा त्रास सुरू झाला होता, ते येऊ शकले नाहीत. वीस मिनिटं सलग गाडी पळवून बाहेर आले आणि हेल्मेट काढायच्या आधी त्यांना फोन लावला. वेळ किती लागला, नंबर कितवा, त्यांनी काही विचारलं नाही. "शेवटच्या वळणाला ब्रेक पायाला पहिल्यासारखाच लागला का?" मी हो म्हटलं. "बस," म्हणाले आणि फोन शबानाकडे दिला.

ते गेल्यावर गॅरेज बंद होणार, असं बरेच जण बोलत होते. शबानानं चाळिसावा व्हायची वाट पाहिली नाही, दहाव्या दिवशी शटर उघडलं. गेल्या आठवड्यात मी तिथं होते. मोहोळकडचे एक वयस्क ड्रायव्हर, तात्या, लोखंडी सळ्या भरलेला ट्रक घेऊन आले होते. काम झालं होतं, पण ट्रक घेऊन निघायला त्यांचा धीर होईना. पंचवीस वर्षं चाचांशिवाय कुणी त्यांच्या ब्रेकला हात लावला नव्हता. शबानानं वाद घातला नाही. "चला, फिरवून आणू," म्हणाली आणि स्टिअरिंगवर बसली. मी आणि तात्या शेजारी. तात्यांच्या हातात गॅरेजमधला, पाण्यानं जवळजवळ भरलेला पेला होता, प्यायचं विसरून तो तसाच धरलेला.

चाचांची एक लकब होती. गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या हातभर अंतरात, ते पाय किंचित उचलायचे. मग गाडी मान खाली न घालता थांबायची, बसलेल्याला कळायचंही नाही. मला ते सहा वर्षांत नीट जमलेलं नाही. समोरच्या चौकात म्हशी आडव्या आल्या. शबानानं ब्रेक दाबला, एवढा बोजा गुमान हळू होत गेला, आणि शेवटी तिचा पाय जरासा वर आला... ट्रक थांबला होता. पेल्यातलं पाणी सांडलं नव्हतं.

तात्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे.

"त्येंचाच पाय हाय की," ते म्हणाले.

म्हशी गेल्या, आणि शबानानं गिअर टाकला.