पहिलं कलम

काल नव्या मळ्यात कलमं बांधायला नातवानं द्राक्षाची काडी छाटली आणि त्या ओल्या हिरव्या वासासरशी माझा जुना संताप वर आला.

मालक वारले त्या वर्षी ओझरच्या मळ्यात, त्यांनीच लावलेल्या जंगली खुंटांवर द्राक्षाची कलमं बांधायची होती. मी चाकू उचलला, तर थोरले दीर म्हणाले, "पहिलं कलम सवाशिणीच्या हातचं पायजे. तू सर बाजूला."

जाऊबाईंनी एक कलम बांधलं, नारळ फुटला आणि त्या सावलीत जाऊन बसल्या.

"आता बाकीची तू बांध," दीर म्हणाले.

"आता न्हाई का बाटत वेली, दादा?"

ते खोबरं चावत राहिले. अख्खा मळा मीच बांधला. आज वाटतं, चाकू टाकून घरी यायला हवं होतं.

नातू काल म्हणाला, "आजी, नारळ तूच फोड."

"नारळ ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "चाकू आण."