थर्मासचं झाकण

वसुधा गेल्याची बातमी मला कल्पनाने दिली. हॉस्पिटलमधून पहिला फोन तिला गेला होता... महिना उलटला तरी ते मला सलतंय. एडिसनला आल्यापासून वसुधाची जिवाभावाची मैत्रीण मी. कल्पना मागाहून आलेली, टेक्ससहून.

वसुधाला डोंगरांचं वेड. जाईल तिथे तिचा स्टीलचा थर्मास, आत आलं घातलेला चहा, आणि नियम एकच: जी ड्राइव्ह करेल तिला पहिला कप. कप म्हणजे थर्मासचं झाकणच. वसुधा हायवेला घाबरायची, त्यामुळे ते झाकण कायम आधी माझ्या हातात यायचं. मला त्याची सवयच लागली होती.

मग आम्ही तिघी मोंटानाला गेलो. ग्लेशियर इकडे, वॉटरटन तिकडे कॅनडात. दोन देशांचं मिळून एक पार्क. "पार्क एकच आहे, मंजू, वेगळा व्हिसा कशाला लागतोय?" वसुधा म्हणाली होती, आणि मीही शहाणी, विचारलं नाही कुणाला. तिचं ग्रीन कार्ड झालेलं, कल्पना तर सिटिझन; त्या दोघींना लागत नव्हताच. मी अजून नोकरीच्या एच-वन व्हिसावर. पलीकडे निघायच्या सकाळी लॉजवर कल्पनानेच विचारलं, "तुझा कॅनडाचा व्हिसा आहे ना गं?"

"कॅन्सल करू या मग," वसुधा म्हणाली. "छे, तुम्ही जा," मी म्हटलं. तिने माझं ऐकू नये असं फार वाटत होतं... तिने ऐकलं.

विमानतळापासून सगळ्या घाटांत गाडी मी चालवली होती. आता किल्ली कल्पनाकडे. वसुधाने भरलेला थर्मास मला दिला, पण धुतलेलं झाकण तिच्या जॅकेटच्या खिशातच राहिलं. दिवसभर मी लॉजच्या पायरीवर, मांडीवर चहा आणि प्यायला कप नाही. संध्याकाळी कल्पना खुशीत सांगत होती, तिकडच्या तळ्याकाठी विकत घेतलेला चहा वसुधाने झाकणात ओतून आधी तिला दिला. गाडी तिने चालवली होती ना. नियमाने बरोबरच होतं, पण माझा जळफळाट झाला.

झाकण कल्पनाच्या बॅगेत गेलं, थर्मास माझ्याकडे राहिला. पुढच्या ट्रिपला दोन्ही आणा, असं ठरलं होतं. त्याआधीच वसुधाचं दुखणं निघालं.

शोकसभेत कल्पनाने तळ्याकाठचा फोटो दाखवला. हसणारी वसुधा, हातात झाकण. सगळे रडले. माझ्या मनात आलं, त्या फोटोत मी असायला हवी होते.

परवा कल्पनाचा फोन आला. "मंजू, वसुधाचा थर्मास तुझ्याकडे आहे का? झाकण लावून तिच्या लेकीला देऊ या."

"बघते शोधून," मी म्हटलं. थर्मास समोर ओट्यावरच होता. रोज त्यात आलं घातलेला चहा भरून ऑफिसला नेते. नुसत्या बुचाने तो लवकर गार होतो. पार्किंग लॉटमध्ये गाडी बंद केली की तसाच तोंडाला लावते. गाडी मी चालवलेली असते, तेव्हा पहिला घोट माझाच.